परळीच्या बाईची तक्रार

मंगळवार, दिवेलागणीला, पाटोदा

आज डोक्यात नुसतं तेच चाललंय. पंधरा दिवसांमागं मोबाइलवर माझा बाजरीच्या खारोड्यांच्या वाळवणाचा व्हिडिओ टाकला. खाली समद्या बाया लिहित्यात, "लई भारी, मावशी." लिहित्यात अन् जात्यात. परळीच्या एका बाईनं मातर लिहिलं, "गच्चीवर वाळवा म्हणता, आमच्या गच्चीवर थर्मलच्या वीजकेंद्राची राख पडती. आमी कुठं वाळवायच्या?" मला वाटलं, टोमणा मारती. पुसून टाकलं. तर तिनं परत तेच लिहिलं!

परत पुसायला गेले तर सून म्हणली, "आत्या, ऱ्हाऊ द्या की. खरंच इचारत असंल." ठेवलं.

आज बघते तर त्या राखेच्या तक्रारीखाली बायांची चावडी भरलीया. एक म्हणती, वरून जुनं लुगडं ताणून बांधा. दुसरी म्हणती, घरात पंख्याखाली वाळवा. तिसरी तिला येड्यात काढती, "पंख्याखाली बुरशी धरती, बाई!" माझ्याकडं कुणाचं ध्यानबी न्हाई. वाहवा करणाऱ्या कदी एकमेकींशी बोलल्या न्हाईत, अन् एका तक्रारीवर एवढ्या कशा बोलल्या?

शेवटी मीच लिहिलं, "बाई, तुमी मग काय करता?" ती म्हणली, "काय करणार? तीन वरसं झाली, घरात खारोडी न्हाई. लई खावी वाटती."

अन् मी हिचंच लिहिलेलं पुसत होते!

उद्या सकाळीच बाजरीचा घाटा शिजवून लुगड्याखाली खारोड्या टाकते. वाळल्या तर तिला सांगीन. न्हाई वाळल्या तर तेबी सांगीन.