मेक्सिकन कॅसेटी आणि फरशी पुसणारी बाई

मी, हेमचंद्र विष्णू गोडांबे, वय ६३, मूळचा ठाण्याचा, हल्ली राहणार बर दुबई, मीना बाजारमागची गल्ली, पूर्वी व्हिडिओ लायब्ररीचा मालक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझ्या हृदयाची झडप खराब आहे, डोकं शाबूत आहे. मुलगा कुणाल म्हणेल की मी संतापाच्या भरात लिहिलं. संताप आहेच.

१. ठाण्याचा फ्लॅट व बँकेतील शिल्लक पत्नी संध्या हिची, तिच्या पश्चात कुणालची. तिच्या हयातीत त्याने फ्लॅट विकायचा विषयही काढू नये.

२. मेक्सिकन कॅसेटींविषयी. १९९४ साली तेल कंपनीतला एक मेक्सिकन इंजिनीयर देश सोडताना खोकंभर कॅसेटी माझ्या काउंटरवर ठेवून गेला. सगळे विज्ञानपट: रॉकेट, परग्रहावरचे राक्षस, चक्रम शास्त्रज्ञ. आमच्याकडे बहुतेक लोक सावळेच, असं तो सांगायचा. मग ते गेले कुठे? शास्त्रज्ञ गोरा, चंद्रावरची राणी गोरी. सावळी बाई एकच, ती प्रयोगशाळेची फरशी पुसते आणि सिनेमाभर तोंड उघडत नाही. माझं डोकं उठायचं, कारण ही बाई माझ्या घरातली होती.

संध्याचा आवाज खणखणीत, पाठांतर चोख. तरी इथल्या मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात दर वर्षी ती मोलकरीण. दिग्दर्शक चंद्रहास कारखानीस म्हणायचे, "वहिनी, तुम्हाला मेकअप लागतच नाही, बघा." लोक हसायचे. घरी येऊन ती म्हणायची, "जाऊ दे हो, यंदा चार वाक्यं तरी होती." मला नाही जाऊ देता आलं.

म्हणून त्या कॅसेटींवर आम्ही मराठी आवाज चढवला. बाकी सगळे आवाज माझे, फरशीवालीचा संध्याचा. तिला भरपूर संवाद दिले. ती शास्त्रज्ञाच्या चुका काढी, राणीला "यल्ला, नीघ आता" म्हणे.

३. चंद्रहासरावांना माझ्याकडून काहीही देऊ नये. शोकसभेत बोलूही देऊ नये. यंदा त्यांनी मुलांचं अंतराळयानाचं नाटक बसवलं आणि माझी नात पर्णिका, वय नऊ, हिला रोबो केलं. डोक्यावर पुठ्ठ्याचं खोकं. "लाइटमध्ये चेहरा उठत नाही हो तिचा," असं मला तोंडावर सांगितलं. कुणाल म्हणाला, "बाबा, प्लीज, इश्यू करू नका." सूनबाईंनी पोरीला गोरं व्हायचं क्रीम आणलं. ते मी कचऱ्यात टाकलं आहे, मालमत्तेत शोधू नये.

४. त्याच संध्याकाळी पर्णिकाला शेजारी बसवून मी आमची कॅसेट लावली. वाटलं, हिला बरं वाटेल. तिने शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, आजी इज टॉकिंग, बट दॅट लेडी हॅज हर माउथ शट. इज शी नॉट अलाउड?"

इतकी वर्षं आम्ही बोलत राहिलो आणि बाईचं तोंड बंदच राहिलं.

५. सबब, कॅसेटी संध्याने ठेवाव्यात किंवा टाकाव्यात. माझा नवा व्हिडिओ कॅमेरा पर्णिकाचा. तिने सिनेमा करावा, चंद्राचा किंवा कशाचाही. अट एकच: त्यात आजी आणि नात दोघी असाव्यात, चेहरे उघडे, आणि बोलताना ओठ हललेले दिसावेत.

वरील मजकूर स्वतः वाचून सही करत आहे.

(सही) हेमचंद्र विष्णू गोडांबे
स्थळ: बर दुबई. दि. १४ नोव्हेंबर २००३

साक्षीदार, एकाच वेळी समक्ष हजर:
१. सत्यजित रामचंद्र मोहिते (सही)
२. गनी इस्माईल पटेल (सही)