गालातली काडी

३ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. हल्ली खुर्चीतून उठून टेबलापर्यंत जायचं म्हणजे मोहीमच असते. पायांत बळ नाही. ब्लडप्रेशरच्या गोळ्या एकाच्या तीन झाल्या, तरी ते आपलं वरच चढून बसलंय. आणखी कसलं औषध घेता का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मग गोळ्या चुकत तर नाहीत ना, असं त्यांनी आडून विचारलं, तेव्हा मला राग आला.

अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम मात्र चालू आहे. परवा वाक्याच्या मधेच हात गळाला आणि पुस्तक मांडीवर पडलं. पलीकडच्या तंत्रज्ञाला वाटलं, मी नाट्यमय विराम घेतलाय.

मेहुण्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहो.

तुझा,
दादा


८ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझ्या विरामाला मी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. राग मानू नकोस, पण लहानपणी कडू गोळी जिभेखाली लपवून कुंडीत थुंकणारा तूच ना? म्हणून माझं मत डॉक्टरांच्या बाजूने पडलं.

यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की मी लगेच निघते. तोवर जिना एकट्याने उतरू नकोस. मला तू एकच आहेस, हे विसरू नकोस.

तुझ्या मायेची भुकेली,
धाकटी


१६ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच: मी घरी आहे आणि बरा आहे.

सोमवारी गोळ्या आणायला गेलो. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टबाई तुला आठवत असतील, चष्मा केसांत खोचून तोच शोधत असतात त्या. तीन गोळ्या पाहून त्यांनी मला बसवलं, थोडा वेळ गप्प राहायला सांगितलं आणि प्रेशर मोजलं. मग बोलता बोलता त्या माझ्या गालाकडे बघत राहिल्या. तोंडात काय आहे, म्हणाल्या. मी सांगितलं, ज्येष्ठमधाची काडी. आवाज साफ राहावा म्हणून दिवसभर चघळतो. ते का औषध आहे? म्हणून डॉक्टरांनाही कधी सांगितलं नव्हतं.

बाईंनी पुढ्यात कागद धरला आणि ती काडी त्यावर काढून ठेवायला लावली. पायांचं विचारलं आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. रक्त तपासलं तर पोटॅशियम अगदी तळाला गेलेलं. हृदयाचा ठेका कधीही चुकला असता, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. स्वतः डॉक्टरांनी बाईंना फोन करून आभार मानले.

ते मूळ अंगात मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर घालवतं, असं बाईंनी समजावलं. मी पडून तेच घोळवत होतो. गोड लागणारी एक काडी तीन गोळ्यांशी भांडत होती आणि जिंकत होती. आणि ते भांडण बाईंना एका गालावरून कळलं.

ये लवकर. वाट पाहतो.

तुझा,
दादा


२ ऑगस्ट

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून घर ओकं वाटतं. पण बातमी चांगली आहे. दोन गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, आणि काल दुकानापर्यंत काठीशिवाय गेलो.

बाईंनी प्रेशर मोजलं आणि ऐकायचंय का म्हणून नळ्या माझ्या कानांत घातल्या. पट्टा आवळला, तशी पूर्ण शांतता. मग हवा सुटत गेली आणि कुठूनतरी एक ठोका आला. मग दुसरा. आयुष्यभर मी माझाच आवाज ऐकत आलो, धाकटे, पण हा कधी ऐकला नव्हता. न सांगता, न थकता तो चालूच होता.

दुकानात गर्दी होती. तरी मी बाईंना हवा पुन्हा भरायला सांगितली, आणि कोणी कुरकुरलं नाही.

माया आहेच, ती वाढवत राहा.

तुझा,
दादा