हळू टाकू नका

९ जुलै, बुधवार

हळू टाकणार म्हणे! इशिताच्या ऑफिसची बेसबॉल टीम शनिवारी जपानहून आलेल्या व्यावसायिक संघाशी खेळणार. कॅप्टन प्रबोध – ऑफिसात तिचा बॉस – त्यांना परस्पर सांगून आलाय, "लेडीजना बॉल जरा हळू टाका." का? आम्ही काचेची भांडी आहोत?

सूनबाई इशिता ताटं मांडत होती. मी म्हटलं, "आणि तू ऐकून घेतलंस?" तर म्हणते, "आई, वरण वाढू?" आमचे चिरंजीव निहार फोनमधून मान वर न काढता, इथल्या लोकांसारखं 'लाह' जोडून – "फ्रेंडली मॅच आहे गं आई, रिलॅक्स लाह!" सगळी मेणाची माणसं!

१० जुलै

नियम वाचले. मारलं की बॅट टाकून पळायचं. बेसला, म्हणजे मैदानातल्या चौकोनी उशीला, बॉल पोचायच्या आत पाय लागला पाहिजे. शाळेत सिस्टर बर्नाडेट थ्रोबॉल खेळवायच्या. कुणालाही हळू टाकत नसत.

१२ जुलै, शनिवार

आधी माझा उद्योग लिहून टाकते. मॅचपूर्वी त्यांच्या दुभाषी ओकादाबाईंना गाठलं. शाळेतल्या ठेवणीतल्या इंग्रजीत सांगितलं – पुरुषांना टाकाल तसाच माझ्या सुनेला टाका. बाई नुसत्या हसून वाकल्या.

आमची टीम शून्य, ते अकरा. शेवटी इशिता उतरली. पहिला बॉल मला दिसलाच नाही! दुसरा कॅचरच्या हातात फाडकन वाजला. हेल्मेटखाली पोरीचा चेहरा एवढासा. काय करून बसले मी?

तिसरा – ठण्ण! त्यांच्या दोन फील्डरांच्या मधून थेट गवतात!

आणि ही बया बॅट घेऊन पळाली! पुण्यातल्या क्रिकेटची सवय! बरं, बेसवर पाय ठेवावा की नाही? लांबूनच बॅट टेकवली आणि थांबली! "पाय! अगं, पाय ठेव!" – मी अशी किंचाळले की शेजारच्या बाईंची कॉफी सांडली. पाय पडला, मग बॉल आला. सेफ! बॉल टाकणाऱ्या त्यांच्या पिचरने तिला टोपी काढली.

अख्ख्या टीममधून बेसवर पोचलेली ती एकटी. आमची इशिता!

१४ जुलै, सोमवार

प्रबोधने ऑफिसात केक कापला. म्हणाला, "गिफ्टचा बॉल होता, पण मारला छान!" हे तिनेच मला हसत सांगितलं. हसत! तळपायाची आग मस्तकात गेली, पण जीभ आवरली. खरं बोलावं तर माझा चोंबडेपणा उघडा पडतो.

१६ जुलै, बुधवार

आमच्या क्वीन्सटाउनच्या एमआरटी मेट्रो स्टेशनवर ओकादाबाई भेटल्या. इथेच राहतात. मी आभार मानले, तर म्हणाल्या, "नो नीड, आंटी. तुमच्या आधीच तुमची सून येऊन हेच सांगून गेली होती."

आज वरण मी वाढलं.