‘भागीरथी’वरचं पाणी

९ मार्च
आजही वारा नाही. शिड धुतल्या चादरीसारखं लोंबतंय. हे सकाळपासून कडेला पालथे पडून समुद्रात थुंकतात आणि थुंकी मागे पडते का बघतात. पडत नाही. म्हणजे होतो तिथेच. मी म्हटलं, "अहो, तोंडातली ओल तरी वाचवा." हसले नाहीत.

कोचीन सोडताना म्हणाले होते, "निर्मल, महिन्याच्या आत सेशेल्स. उतरल्या उतरल्या नारळपाणी." नारळपाणी जाऊ दे, आधी वारा दे बाबा.

सासूबाई मात्र गप्प. होडीला ह्यांनी आईचं नाव दिलंय, भागीरथी. मी सा. बा. म्हणते. ज्या बाईने जिवंतपणी मला घटकाभर निवांत बसू दिलं नाही, तिच्याच पोटात बसून समुद्र ओलांडायची वेळ आली. काय नशीब.

११ मार्च
ऊन. डेकवर पाय ठेववत नाही. खिचडीत निम्मं समुद्राचं पाणी घालते, मीठ लागत नाही. पापड मऊ पडलेत. चिवडा संपला. तळाच्या चुऱ्यावरून दोघं भांडलो, मग वाटून खाल्ला.

सॅटेलाइट फोन मागच्या आठवड्यात लाटेत भिजला तो मेलाच. मंजिरी तिकडे सिडकोत जीव टांगणीला लावून बसली असेल. निघताना म्हणाली होती, "आई, बाबांना कळत नाही, तुला तरी कळतंय का?" कळत होतं गं पोरी. पण हा माणूस वर्षानुवर्षं कंपनी सुटली की अंबडच्या त्या भाड्याच्या शेडमध्ये होडी ठोकत बसायचा. लोक मुद्दाम बघायला यायचे. "काका, होडी झाली, आता समुद्र कधी मागवताय?" शिडं मी शिवली. आख्ख्या कॉलनीचे ब्लाऊज शिवून डोळे गेले होते, त्यात ही भर. ट्रेलरवर घालून कसारा घाट उतरवली तेव्हा हे मागून मोटारसायकलवर होते, हेल्मेटमध्ये रडत. असल्या माणसाला एकटं पाठवायचं?

पाणी दोन निळ्या ड्रममध्ये आहे, अर्धे अर्धे. रबराचा वास मारतं. चहातही येतो.

१२ मार्च
लिहून टाकते.

दुपारी काळाकुट्ट ढग आला, थेट आमच्यावर. टपोरे थेंब पडायला लागले आणि माझ्या तोंडून गेलं, "अहो, पाणी आलं! ड्रम ओता!"

सिडकोत सगळा संसार हेच केलं. पहाटे नळाला पाणी आलं की मी ओरडायची. ह्यांनी उठायचं, कालचं शिळं पाणी मोरीत ओतायचं, ड्रम खराट्याने घासायचा आणि नळाखाली लावायचा. शिळ्यावर ताजं भरायचं नाही, आमच्या घरचा नियम. मी हाक मारली की ह्यांचे हात आपोआप चालतात. तसेच चालले. दोन्ही ड्रम कडेवर कलते केले, भडाभडा समुद्रात. मी ताडपत्री ताणून उभी, चांगली तोंड वर करून हसत होते.

केस ओले होईपर्यंत पडला आणि पुढे निघून गेला. तिकडे पलीकडे कोसळताना दिसत होता. ताडपत्रीत साचलं ते हे ड्रममध्ये ओतणार तेवढ्यात मी जिभेला लावलं. खारट. इतके दिवस लाटांचं मीठ तिच्यावर वाळत होतं, ते सगळं त्यात उतरलं.

ओट्याखाली प्यायच्या पाण्याचा एक कॅन आहे, तोही भरलेला नाही. बाकी काही नाही.

हे ड्रममध्ये वाकून बघतात, झाकण लावतात, परत काढून बघतात.

१३ मार्च
"तू ओरडलीस."
"तुम्ही ओतलंत."
एवढंच बोलणं झालं आज.

इतकी लहान होडी, रुसून जायला दुसरी खोली नाही. मी पुढे, हे मागे. खरं सांगू, मला ह्यांच्यापेक्षा स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. ढग बघून अक्कल कुठे गेली होती? नळ होता का तो?

१४ मार्च
वाटीने पाणी सुरू. सकाळी एक, दुपारी एक, दिवेलागणीला अर्धी. भात बंद. भिजवलेले पोहे, तेही खाऱ्यात. खाल्लं की तहान वाढते, म्हणून खात नाही.

ह्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "माझं चुकलं, निर्मल. फिटर माणूस मी. झडप उघडण्याआधी दोनदा बघतो." मी म्हटलं, दोघांचंही चुकलं, आता पुरे. मग बरं वाटलं थोडं.

१६ मार्च
काल कुकरचा कारखाना. शिट्टी काढून तिथे तांब्याची नळी बसवली, नळीवर ओलं फडकं, खाली गडू. कुकरमध्ये समुद्राचं पाणी. वाफ नळीतून जाते, थंड होते, थेंब थेंब गोडं पाणी. पहिला गडू भरला तेव्हा ह्यांचा चेहरा काय फुलला! मी म्हटलं, "आता तुमचा सत्कार करू कालिदास नाट्यगृहात." दुसरा गडू निम्मा झाला आणि शेगडी फुस्स. शेवटचं सिलिंडर. हलवून बघितलं, उलटं केलं. संपलं ते संपलं.

राखून ठेवलेलं डिझेल होतं बंदरात शिरायला. आज तेही घातलं इंजिनात, पश्चिमेला चालत राहिलो. वाटलं, पुढे कुठेतरी वारा भेटेल. सूर्य मावळायच्या आत इंजिन बंद. पुढेही हेच, काचेसारखं पाणी.

१७ मार्च
ह्यांच्या डाव्या कुशीत कळ. मला बघताक्षणी कळलं. मागे एकदा मुतखडा झाला होता तेव्हा असेच गुडघे पोटाशी घेऊन लोळले होते. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, पाणी प्या, भरपूर पाणी प्या, दुसरं औषध नाही.

गोळी दिली. उलटून पडली. गोळीबरोबरचं पाणीही गेलं.

१८ मार्च
चोरी पकडली. हे वाटी तोंडाला लावतात, घोट घेतल्याचं नाटक करतात आणि माझी पाठ वळली की कॅनमध्ये परत ओततात. किती दिवस चाललंय कोण जाणे. माझं डोकंच फिरलं. "मला विधवा करून नेणार आहात का सेशेल्सला? त्यापेक्षा अंबडातच मरायचं होतं, चार माणसं तरी आली असती!" नको ते बोलले. हे म्हणाले, "तुला पुरायला हवं ना." मग मी बसून रडले. डोळ्यांत पाणी आलं नाही, नुसता आवाज.

आता वाटी मी धरते आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावते.

ह्यांची लघवी लाल.

१९ मार्च
शिडीजवळ केशरी डबा टांगलाय. त्याची पिन काढून बटण दाबलं की आपला ठावठिकाणा किनाऱ्यावरच्यांना कळतो आणि जवळपासचं जहाज वळतं. आज मी तो हातात घेतला.

हे ओरडले. ओरडायला त्राण नव्हतं तरी ओरडले. "जहाज माणसं उचलतं निर्मल, होडी नाही उचलत. हिला इथेच सोडतील, मोकळी. फुटेपर्यंत भटकत राहील."
मी म्हटलं, "राहू दे."
"तू शिवलीस शिडं."
"परत शिवीन."
माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, दाबशील तर. वारा येईल. दोन दिवस बघ."

काय माणूस आहे! म्हटलं, "असल्या शपथा घालतं का कुणी? 'सुटली' म्हणा." आमच्याकडे घालणाऱ्याने 'सुटली' म्हटल्याशिवाय शपथ सुटत नाही. हे भिंतीकडे तोंड करून पडले.

आणि मी बारावी झालेली, मुलीला इंजिनिअर केलेली बाई, डबा परत खुंटीला टांगून आले. शपथ मोडली आणि ह्यांना खरंच काही झालं तर?

२० मार्च
वारा नाही. सुकाणूशी बसून राहते उगाच. ह्यांनी चादर भिजवून अंगावर घेतलीय, समुद्राच्या पाण्यात. अंगाला मिठाची पुटं. ओठ फुटलेत, बोलताना रक्त येतं, दोघांच्याही.

मंजिरीचा वाढदिवस कधी, हे मला आज पटकन आठवेना. घाबरले.

२१ मार्च
ताप. कळ येऊन जाते, गेली की हे झोपतात की शुद्ध हरपते, समजत नाही.
कॅन आडवा करून ठेवलाय. पाणी कोपऱ्यात दिसतं.
सा. बा. हलत नाहीत.

२२ मार्च
सकाळी डोळे उघडून मला म्हणाले, "नळ गेला का?" मी म्हटलं, "नाही, चालू आहे." "मग भर ना, बसलीस काय." परत डोळे मिटले.

कॅनचं तळाचं फडक्याने टिपून ह्यांच्या तोंडात पिळलं. माझ्यासाठी फडकंच चोखलं.

मग मी शिडीशी गेले. जाताना विचार करत होते की शपथ गळ्याची आहे, आणि गळा कोरडा पडून चाललाय तो कुणाच्या शपथेने? देव असला तर त्याला एवढं कळेल. नसला तर प्रश्नच नाही. पिन काढली, बटण दाबलं. पांढरा दिवा लुकलुकायला लागला. इतका छोटा दिवा! एवढ्यावर कोण येणार, असं वाटलं.

डबा बाहेर कठड्याला बांधला. सा. बा.च्या लाकडावर हात फिरवला आणि माफी मागितली. जन्मात पहिल्यांदा मागितली त्यांची.

२३ मार्च
पहाटे वारा आला. खरंच आला. उत्तरेकडून, चांगला भरलेला. आधी स्वप्न वाटलं, मग शिड फटकन फुगलं. मी आतून धावत येऊन सुकाणू धरलं. सा. बा. एका कुशीवर झुकून अशा सुटल्या की बस. पाणी दोन्हीकडून फसफसत मागे जातंय. अंबडच्या शेडमध्ये ह्यांनी हीच चाल डोळ्यांपुढे आणली असणार, रोज.

किनारा एवढ्या वाऱ्यातही बऱ्याच दिवसांवर आहे. नकाशावर वीत लावून बघितली. पाणी नाही.

हे होडीच्या हिसक्याने जागे झाले. रांगत शिडीपर्यंत आले, डोकं बाहेर काढलं. आधी शिडाकडे बघितलं. चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येणार नाही. "बघ," म्हणाले, "बघ कशी पळतेय."
"बघतेय," मी म्हटलं.

मग नजर दिव्यावर गेली.
"दाबलंस?"
"दाबलं."

मी समोर बघत राहिले. वाटलं, आता म्हणतील बंद कर. म्हणाले असते तर मी काय केलं असतं, माहीत नाही. मी म्हटलं, "'सुटली' म्हणा हो एकदा. पाया पडते." ओठ हलले. शब्द आला नाही. मग हात वर करून शिडाकडे दाखवलं आणि फाटक्या आवाजात म्हणाले, "फार ताणलंयस. थोडी ढील दे."

ढील दिली. आता तिथेच पायरीवर डोकं टेकून पडलेत, डोळे उघडे. मध्ये मध्ये नाकापाशी बोट धरून बघते.

चारी बाजूंना कुणी नाही अजून. एका हातात सुकाणू आहे, म्हणून अक्षर असं.