हिरव्या डब्यांची झाकणं

ता. ४ मार्च

चि. टिकली हिस,

अनेक आशीर्वाद. तुमच्या कारखान्याचे पाच गॅस मास्क आमच्या बर्फाच्या कारखान्यात पोचले. लहानपणी पाढे चुकवणारी तू आता माणसांचे श्वास तपासतेस, कमाल आहे बुवा!

इथे नळ्यांतून अमोनिया खेळतो. नळी फुटली तर मास्क चढवायला वेळ कुठला? म्हणून मी डोकं लढवलं. पाचही मास्कना गाळणीचे हिरवे डबे बसवले, त्यांची सीलबंद झाकणं काढली आणि मास्क मशीनघरात खुंटीला टांगले. एकदम तयार! साहेबांनी पाठ थोपटली. तुझी वहिनी म्हणाली, एवढी तत्परता घरातही दिसू द्या.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, तशीच राहू दे.

तुझा दादा

ता. ८ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. पत्र वाचलं. अरे, काय करून बसलास! झाकण निघालं की डब्यातला कोळसा लगेच कामाला लागतो. तुमच्याकडे तो वास बारा महिने असतो. डबे आतून कधीच भरले असतील.

कामाच्या पहिल्या दिवशी आमच्या विभागाच्या बाईंनी माझ्या तळहातावर चमचाभर कोळसा ठेवला. म्हणाल्या, यातली बारीक भोकं उलगडून पसरली तर अख्खं मैदान व्यापतील. मला थापच वाटली. मग मला मास्क चढवून त्यांनी उग्र वासाच्या खोलीत उभं केलं. दारातल्या बाईंना ठसका लागला, मला काहीच नाही! अंगावर काटा आला रे. पण मैदान एकदा भरलं की संपलं.

तुमच्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही, म्हणून आजच ट्रकवाल्याबरोबर पाच नवे डबे धाडतेय. झाकण वापरतानाच काढायचं, आणि तेही फक्त बाहेर पडण्यासाठी. उलट टपाली कळव, तोवर मला घास उतरायचा नाही.

वहिनीला नमस्कार. राग मानू नकोस.

तुझी टिकली

ता. १५ मार्च

चि. टिकली हिस,

डबे मंगळवारी आले. झाकण ओढायचा सराव मी सगळ्यांकडून इतका करून घेतला, की आमचा फिटर वैतागला.

काल दुपारी नळीचा सांधा उडाला. मी आणि फिटर पार आतल्या टोकाला. क्षणात सगळं पांढरंफटक. जवळच्या खुंटीवरचे मास्क चढवले, झाकणं ओढली. माझा हात भिंतीवर, त्याचा माझ्या खांद्यावर. मानेची कातडी नुसती चुरचुरत होती. मी घाबरत घाबरत श्वास घेतला आणि हवा आली गं! साधी, घरातल्यासारखी हवा. बोटभर अंतरावर मरण, आणि आत हवा. माझी मतीच गुंग झाली. दारापर्यंत एकवीस श्वास घेतले, मोजून. जुने डबे असते तर दुसऱ्या श्वासालाच आटोपलं असतं.

फिटर ठीक आहे. बाहेर येऊन लहान मुलासारखा रडला, मीही रडलो. मग साहेबांना सांगितलं, पाठ थोपटलीत ती माझी अक्कल दोघांचा जीव घेणारी होती.

मी मोठा, म्हणून तुला आजवर आशीर्वादच लिहीत आलो. आज पत्राच्या सुरुवातीला तो शब्द लिहायला हात धजला नाही. नको म्हणू नकोस, एवढा एकदा घे.

नमस्कार.

तुझा दादा