पेटीतला कण

४ ऑगस्ट
विद्यापीठाने वयाची अट काढली. माझ्यासारख्यांसाठीच असणार. क्वांटम मेकॅनिक्स, पहिला कोर्स, सोमवार-गुरुवार सकाळी. पहिली चाचणी पास झाले तरच पुढे बसू देणार म्हणे. किरकोळ अट आहे.
लायब्ररीतल्या एका पुस्तकात वाचलं होतं, की या शास्त्रात कशाचीच माहिती पूर्णपणे नष्ट होत नाही. मग हे गेले म्हणजे नेमके किती गेले, एवढंच विचारायचंय. दुःख वगैरे नाही. शास्त्रीय कुतूहल.
नणंदेला फोनवर सांगितलं. म्हणाली, वहिनी, दादा घरात असताना तुला हाक मारून सापडायचा नाही, आता फळ्यावर सापडणार होय? दुर्लक्ष केलं.

७ ऑगस्ट
पहिल्या बाकावर बसले. सर आमच्या मुलापेक्षा लहान. फळाभर समीकरणं लिहिली, पुसली, परत भरला. मी एकही उतरवलं नाही. कादंबरीतली निसर्गवर्णनंही मी गाळते, गोष्टीचं काही अडत नाही.

१८ ऑगस्ट
पाठ्यपुस्तक वाचून संपवलं. वर्ग अजून दुसऱ्याच प्रकरणात रखडलाय.
शेजारच्या वेणीवाल्या मुलीनं विचारलं, काकू, इंटिग्रेशन येतं ना? नाहीतर कँटीनमध्ये बसून करू. बिचारीचं कच्चं दिसतंय, आधार शोधतेय. सवड झाली तर शिकवीन.

२८ ऑगस्ट
आज सरांना विचारायचंच, असं ठरवून गेले. हात वर केला. सर म्हणाले, बोला. मी पंखा वाढवायला सांगितला. चारचौघांत विचारण्यासारखं नव्हतं.

१० सप्टेंबर
उद्या चाचणी. दिवसभर उजळणी करणार होते, पण ह्यांचे स्वेटर उन्हात टाकायचे राहिले होते. टाकले, उलटे केले, परत घड्या घालून कपाटात ठेवले. त्यात संध्याकाळ झाली. उजळणीची तशी गरजही नाही.

११ सप्टेंबर
पेपर सोपा. पेटीत एक कण आहे, तो डावीकडच्या एक तृतीयांश भागात सापडण्याची शक्यता किती? एक तृतीयांश. कारणही लिहिलं: तीन भाग सारखे. मुलं पानंच्या पानं भरत होती. गोंधळला की माणूस फार लिहितो.
वेळ उरला, म्हणून सरांच्या अक्षराबद्दल दोन सूचना लिहिल्या.

१८ सप्टेंबर
नापास.
सरांनी खोलीत बोलावून समजावलं. कण पेटीत सगळीकडे सारखा सापडत नाही, काकू. या प्रश्नात तो मधे जास्त, भिंतीजवळ अगदी कमी. गणित केल्याशिवाय ते दिसत नाही. वर्षभर गणित करा, मग या. मुळात त्यांनी प्रश्नच नीट काढला नव्हता, पण मी तोंडावर कसं सांगणार?
निघताना विचारलंच. ते माहिती नष्ट न होण्याचं कुठल्या प्रकरणात येतं? सर चष्मा पुसायला लागले. म्हणाले, ते वेगळं, काकू. त्यातून माणूस परत मिळत नाही. कोण होतं तुमचं? मी म्हटलं, सहज विचारलं.
म्हणजे पास होऊन शेवटपर्यंत बसले असते, तरी ते आलंच नसतं. तेव्हा नापास होण्यात तोटा नाही. उलट वेळ वाचला.
संध्याकाळी नणंदेचा फोन. टोमण्यांची तयारी ठेवूनच उचलला. ती आधी गुडघ्यांचं बोलली, मग सुनेचं. शेवटी म्हणाली, वहिनी, ते दादाचं काही निघालं का गं त्यात?
अजून तिथवर शिकवलं नाही, असं सांगितलं.