शेवटचं गाणं जुळेना

बदनापूर, मंगळवार, संध्याकाळ

भोकरदनहून ताईचा पेनड्राइव्ह परत आला. माझी हार्डडिस्क गेल्यापासून बाबांची विहारातली गाणी तेवढ्यातच उरलीत. बाबाही गेले. गाण्यांसोबत मी चेकसमची फाईल ठेवल्ती. रेकॉर्डिंगमधे जरा बदल झाला की ती सांगते. ताईला वाटलं, तेही बाबांचं गाणंच. वाजेना म्हणून तिनं फाईलच्या नावातलं टिंबापुढचं md5 खोडून mp3 केलं. तरी वाजेना! हसलो, परत md5 केलं, तपासणी लावली.

बाकी सगळी बराबर. शेवटचं गाणं जुळेना. परत लावलं, तरी न्हाई.

ताईला फोन केला.

"मधला खोकला काढला मी," ती म्हणाली. "ऐकवत न्हाई रे. दवाखान्यात तोच ऐकत बसल्ते ना."

"अन् मूळ गाणं?"

"त्याच्यावरच सेव्ह केलं. चुकलं का?"

न्हाई म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मंग ते गाणं लावलं. खोकला बिलकुल न्हाई. पण त्याच्यासोबत श्वासही कापला गेलाय. ओळीला ओळ लागते. बंद केलं, तरी कानात बाबा दम न घेता गाऊनच राह्यलेत.